चाईवर काजळ

मुलगी बघायला निघालेल्या माझ्या नातवाच्या टकलावर मी काजळ फासलं. टक्कल म्हणजे अगदी पूर्ण नव्हे. मागच्या बाजूला, पूर्वी शेंडी ठेवत तिथे, दोन रुपयांच्या नाण्याएवढी गुळगुळीत चकती. काजळ मात्र अख्खी डबी गेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे ही गोष्ट आता जो तो आपापल्या परीनं सांगतो, आणि दर खेपेला माझी अक्कल थोडी थोडी कमी होत जाते. तेव्हा मूळ प्रत माझी असलेली बरी.

तीन-चार वर्षं झाली असतील. तेव्हा मी तरुण होते, नुकती सत्तरीला टेकलेली, आणि तरुणपणी सगळ्यांना वाटतं तसं मलाही वाटायचं की आपल्याला सगळं कळतं.

नातू म्हणजे लेकीचा मुलगा. लेक-जावई लातूरकडे, म्हणून मुली बघायला जायचं काम माझ्यावर सोपवलेलं. हा चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर, म्हणून राहायला माझ्याकडे, पिंपरीच्या संत तुकाराम नगरात. कंपनीची बस त्याला चौकातून उचलते आणि शिफ्ट संपली की चौकातच आणून टाकते. सुट्टी गुरुवारची. बाकीच्या जगाला रविवार असतो, आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवार. सुट्टीही गुरुवारी आणि घरात मटण शिजवायचं नाही तोही गुरुवार, हे या भागातल्या पुरुषांचं जुनं दुःख आहे. मटणाऐवजी मी नातवाच्या डोक्याला तेल लावायचे. तो खाली पाटावर, मी खुर्चीत, त्याचं तोंड मोबाइलमध्ये आणि त्याचं डोकं माझ्या ताब्यात.

अशाच एका गुरुवारी बोटं घसरली.

"अरे, इथले केस कुठे गेले?"

"कुठले?"

"मी तुला विचारतेय. डोकं तुझं आहे."

त्यानं हात मागे नेऊन चाचपलं. मग मोबाइल खांद्यामागे धरून फोटो काढला आणि बघत बसला. त्याचा चेहरा असा उतरला की मी तेलाची वाटी खाली ठेवली. कारण मला माहीत होतं. दोन आठवड्यांनी आम्ही मुलगी बघायला जायचं ठरलं होतं, आणि यावेळचं प्रकरण वेगळं होतं. आधीच्या बघण्यांना हा दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखा यायचा. या मुलीशी मात्र त्याचं फोनवर बोलणं सुरू झालं होतं. गॅलरीत उभा राहून बोलायचा आणि आत आला की "कामाचा फोन होता" म्हणायचा. कामाच्या फोनवर इतकं हसणारा इंजिनिअर मी तरी पाहिला नव्हता. बघण्यासाठी शर्टही स्वतः जाऊन आणला होता. मुलगी त्याला हवी होती, आणि आता ही चकती.

मी पदर खोचला आणि तपास हाती घेतला.

पहिला संशय हेल्मेटवर. कंपनीत दिवसभर ते प्लास्टिकचं टोपलं डोक्यावर असतं. कुणाकुणाच्या डोक्यावरून फिरून येत असेल देव जाणे. "आजी, माझं हेल्मेट माझंच असतं," नातू म्हणाला. मी ते घरी आणायला लावलं आणि कडुनिंबाच्या उकळत्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं. आतला पट्टा असा आकसला की पुढचा आठवडाभर ते त्याच्या डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखं उभं राहायचं. सुपरवायझरनं विचारलं तेव्हा यानं काय सांगितलं, ते मला कधी कळलं नाही.

दुसरा संशय न्हाव्यावर. त्याचं दुकान आमच्या कोपऱ्यावरच.

"तुझ्या मशीननं माझ्या नातवाचे केस खाल्ले," मी म्हटलं.

"आजी, मशीन सगळीकडून फिरते. मग एवढ्याच जागेचे कसे खाल्ले?"

"तेच तर विचारायला आले."

"त्याला झोप लागत नसेल. नाइट शिफ्टवाल्यांचं असंच होतं. नाहीतर गर्मी झाली असेल पोटात. नाहीतर शाम्पू बदलला असेल." बोलता बोलता त्यानं खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा वर नेला. गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे असं बघत होतं की मी निघाले.

मग टँकरचं पाणी. ते पाणी मीही वापरते आणि माझ्या डोक्यावर जे काही उरलंय ते शाबूत होतं, तरी सोसायटीच्या सेक्रेटरीला चार शब्द ऐकवून आले. मग झुरळ. आमच्या लहानपणी सांगायचे, झोपेत झुरळ केस कुरतडतं. मी नातवाच्या गादीभोवती झुरळांच्या खडूनं चौकोन आखला. सकाळी उठून त्यानं स्वतःभोवतीची रेघ बघितली आणि म्हणाला, "आजी, पोलीस प्रेताभोवती अशी काढतात."

शेवटी मी उपचाराला हात घातला. चाईवर लसूण चोळतात हे मी शंभरदा ऐकलं होतं. चाई म्हणजे ही अशी केस गेलेली चकती. आमच्या गावात कुणालाही झाली की आया लसूण सोलायला बसायच्या. किती चोळायचा आणि किती वेळ ठेवायचा, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. मी ठेचून थापला आणि वर फडकं बांधलं. तासाभरात नातू घरभर नाचायला लागला. फडकं सोडलं तर चकती लालभडक, वर पाण्याचे फोड.

तेव्हा कुठे आम्ही पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो, जिथे खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. त्वचेच्या विभागात डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिनं भिंगातून डोकं बघितलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "लसूण कोणी लावला?"

नातवानं माझ्याकडे बोट केलं.

"आजी, चाईनं याला काहीच त्रास झाला नव्हता. तुमच्या लसणानं भाजलंय."

मग तिनं विचारायला सुरुवात केली. खाज येत होती का, खवले पडत होते का? तसं असेल तर बुरशी, म्हणजे डोक्यातला नायटा. त्यात केस मधेच तुटलेले दिसतात. केस ओढायची, बोटाला गुंडाळायची सवय आहे का? काही मुलं अभ्यासात, टेन्शनमध्ये केस उपटतात आणि त्यांना पत्ताही नसतो. केस मागे ताणून घट्ट बांधायचा का? मध्यंतरी मोठा ताप आला होता का? तापानंतरही केस जातात, पण ते सगळीकडून विरळ होतात, अशी गोल चकती पडत नाही. घरात कुणाला थायरॉईड, कुणाला अंगावर कोड? नातू नाही नाही म्हणत गेला.

"मग ही चाईच," ती म्हणाली. "शरीरात रोगांशी लढणारी जी यंत्रणा असते ना, ती कधी कधी चुकते आणि आपल्याच केसांच्या मुळांवर उठते."

हे मला लगेच कळलं. आमच्या सोसायटीत नवा वॉचमन आला होता, त्यानं पहिल्याच दिवशी सेक्रेटरीलाच फाटकावर अडवून कुणाकडे जायचंय विचारलं होतं.

"पण हे झालं कुणामुळे?" मी विचारलं.

"कुणामुळेच नाही. काही घरांत ते चालत येतं. कधी ताण निमित्त होतो. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. लागट नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. एकच चकती आहे, बहुतेक काही महिन्यांत आपोआप भरेल. आधी पांढरी लव येईल, ती बघून घाबरू नका. पुन्हा कधी उद्भवणारच नाही, असं मात्र सांगू शकत नाही. आधी भाजलेलं बरं होऊ दे, मग औषधाचं बघू."

खरं सांगते, मी खट्टू झाले. मी इतके आरोपी गोळा केले होते, हेल्मेट, न्हावी, सेक्रेटरी, झुरळ, आणि हिनं सगळे एका वाक्यात सोडून दिले.

बाहेर आल्यावर मी नातवाला म्हटलं, "ताण म्हणे. तुला कसला रे ताण?"

"रोज सकाळी चहाबरोबर लग्नाचा विषय कोण काढतं?"

मी रिक्षा शोधायला लागले.

मुलगी बघायला जायचा गुरुवार जवळ आला. फोड सुकले, चकती तशीच. नातू म्हणाला, "आजी, आपण गेल्या गेल्या सांगून टाकू. नंतर कळलं तर वाईट दिसेल."

"सांगायचं काय त्यात? लग्न जमेपर्यंत केसाचं नाव काढायचं नाही."

"हे लपवणं झालं."

"याला झाकणं म्हणतात. माझं लग्न झाकूनच जमलं."

ते खरंच होतं. मला बघायला आले तेव्हा मुलीचे केस बघायची पद्धत होती. माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी. मावशीनं तिच्यात स्वतःचं गंगावन गुंफलं आणि कमरेखाली शेपटा सोडला. मी पाहुण्यांपुढे जाताना पाठ अशी वळवून वळवून चालले की सासूबाईंना वाटलं, पोरीची कंबर लचकलीय. लग्न जमलं. मग पुढचे कित्येक महिने मी नवऱ्याच्या आधी उठून अंधारात चाचपडत गंगावन गुंफायचे. एकदा ते उशीखाली राहिलं, तर मी त्यालाच ओरडले की माझ्या उशीखाली हात का घातला. पुढे केव्हातरी हे सहज म्हणाले, "तुझी अर्धी वेणी खुंटीला टांगलेली असते, ते मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं." म्हणजे त्या सगळ्या पहाटा मी कुणासाठी उठले, याचा हिशेब अजून लागलेला नाही. यातून शहाण्या बाईनं काही धडा घेतला असता. मी घेतला तो असा, की झाकलं की जमतं.

तर काजळ. घरी एरंडेलात केलेलं, डबीतलं. सकाळी बोटानं चकतीत भरलं आणि आजूबाजूचे केस वरून विंचरले. लांबून खरोखर छान दिसत होतं. ऊन लागू नये म्हणून मी एसीची गाडी करायला लावली. एप्रिलचा महिना. एसी मोशीपर्यंत चालला आणि मग गरम फुंकर घालायला लागला. चाकणच्या चौकाअलीकडे कंटेनरच्या रांगेत गाडी जी थांबली ती थांबलीच. मी वर्तमानपत्रानं नातवाच्या डोक्यामागे वारा घालत बसले. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"साहेबांना चक्कर येतेय का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याचं डोकं लवकर तापतं."

नातू खिडकीबाहेर बघत होता. "आजी, हे पुसून टाकू दे मला."

"हात लावायचा नाही. आणि तिथे वाकून नमस्कार करू नकोस. नुसते हात जोड. वाकलास की डोकं त्यांच्या नाकापुढे येतं."

मुलीचं गाव चाकणच्या पुढे. जुनं घराणं, नवीन बंगला. वडील शाळेत गणित शिकवणारे, आई कामासाठी आतबाहेर करत होती, आणि ओट्यावर खुर्चीत मुलीची आजी, कपाळावर आडवं कुंकू, माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि आवाजानं तरुण.

नातवाचे संस्कार त्याच्या आईनं केलेले, त्यामुळे तो वाकला. चांगला कमरेत वाकला. म्हातारीनंही भरभरून पंजा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि वरून मागपर्यंत फिरवला, एकदा नाही, दोनदा.

"शंभर वर्सं जग, बाबा."

तेवढ्यात मुलगी ट्रे घेऊन आली. गुरुवारचा उपास म्हणून पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी होती. मुलगी चाकणलाच एका कंपनीत क्वालिटी विभागात. दिवसभर सुट्या भागांतले दोष शोधायचे हे तिचं काम. म्हातारीनं कौतुकानं तिची हनुवटी धरली, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही आमची नात." मुलीच्या गोऱ्या गालावर तीन काळी बोटं उमटली.

मुलीनं गालाला बोट लावून बघितलं, मग नातवाकडे बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. म्हातारीनं स्वतःचा पंजा नाकाशी नेला.

"काजळ हाय ह्ये," ती म्हणाली.

तिच्या मुलानं, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, माझ्याकडे बघितलं. "काय प्रकार आहे?"

इथे मी गप्प राहिले असते तरी निभावलं असतं. पण माझी जीभ माझ्या आधी पोचते. "अहो, कलप असेल," मी म्हटलं. "आजकालची पोरं, काय काय लावतात."

"सव्विसाव्या वर्षी कलप?"

"सर," नातू मधेच म्हणाला. त्यानं खिचडीची बशी खाली ठेवली होती. "कलप नाही. मला डोक्यात चाई पडलीय. डॉक्टरांना दाखवलंय. लागट नाही. बहुतेक भरून येईल, पण पुन्हा होऊ शकतं. झाकायला काजळ लावलं होतं. चूक झाली." आणि त्यानं मान वळवून डोकं दाखवलं. काजळ मानेवरून ओघळून नव्या शर्टाच्या कॉलरपर्यंत गेलेलं होतं. माझं नाव त्यानं घेतलं नाही. ते जास्त लागलं.

"चाईबद्दल माझं काही म्हणणं नाही," वडील म्हणाले. "पण विचारल्यावरही कलप सांगितलं जातं, तर आणखी काय काय आहे, हे मी कसं समजायचं? आम्ही कळवतो."

लग्नाच्या बाजारात या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ कुणाला समजवावा लागत नाही. परत येताना नातू एवढंच म्हणाला, "मी तुला सांगत होतो."

आठवडाभर गॅलरीत फोन नाही की हसणं नाही. पुढच्या गुरुवारी मी तेल कोमट करून पाट मांडला. तो न्हाणीघराकडे जाता जाता म्हणाला, "राहू दे, माझं मी लावतो." रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते. अगदी साध्या आवाजात म्हणाला. मी वाटीतलं तेल परत बाटलीत ओतलं. मग नेसतं लुगडं बदललं, देवळात जाते म्हणून सांगितलं, आणि चाकणची बस धरली.

दार मुलीच्या वडिलांनीच उघडलं. मी उंबऱ्यावरच सुरुवात केली, आत बसवलं की धीर जातो.

"मुलाला त्या दिवशी सगळं सांगायचं होतं. मी अडवलं. काजळ माझं, कलप माझा, खोटं माझं. त्याच्या डोक्यावर जे होतं ते त्यानं तुम्हाला सांगितलं. शिक्षा द्यायची तर मला द्या, मी सत्तरीची आहे, फार दिवस भोगावी लागणार नाही."

"तुम्ही आलात हे त्याला माहीत आहे?"

"नाही. त्याला वाटतं मी देवळात आहे."

"म्हणजे आजही खोटं."

"ते परत गेल्यावर फेडते."

ते हसले नाहीत, पण दारातून बाजूला झाले. आत गेल्यावर त्यांनी मोजके प्रश्न विचारले. औषध चालू आहे का, पुढे मुलाबाळांना होईल का? एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईनं सांगितलं तेवढंच सांगितलं. "कधी कधी घरात चालत येतं. होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. कारण डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. मला तर अजिबातच माहीत नाही." शेवटचं वाक्य उच्चारायला मला सत्तर वर्षं लागली.

कोपऱ्यातून म्हातारी बोलली. "तुझ्या बापाला व्हती की चाई. दाढीत. लगीन झालं तवा गालावर ही एवढी."

वडिलांनी मान वळवली. "आई, हे कधी बोलली नाहीस."

"तू कदी इचारलंस? आली तशी गेली. मला तर आवडायची, तेवढी जागा मऊ लागायची."

गणिताचे मास्तर लाल झाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तिकडेच बघत म्हणाले, "माझं राहू द्या. जिला संसार करायचाय तिला विचारा."

तिनं मला स्कूटरवरून बसथांब्यापर्यंत सोडलं. मी मागे तिच्या खांद्याला धरून. थांब्यावर गाडी लावून ती माझ्याबरोबर उभी राहिली.

"आजी, मला आधीच माहीत होतं," ती म्हणाली. "त्यानं पहिल्याच दिवशी फोटो पाठवला होता. डोक्याचा."

"आणि तू त्या दिवशी एक शब्द बोलली नाहीस?"

"तुम्ही कलप म्हणालात. मग मला पुढचं ऐकायचं होतं."

म्हणजे त्या अख्ख्या ओट्यावर ज्या एकीपासून मी चाई झाकत होते, तिच्या मोबाइलमध्ये ती होती. समोरून बस येताना दिसली. मला विचारायचं होतं आणि विचारायचं धैर्यही होत नव्हतं, पण मघाशी म्हटलं ना, माझी जीभ आधी पोचते.

"मग काय ठरवलंस गं तू?"

बस थांबली. तिनं माझी पिशवी हातात घेतली, दंडाला धरून मला पायरीवर चढवलं, पिशवी परत दिली आणि खालूनच म्हणाली, "मुलगा मला पसंत आहे, आजी. तुमच्याबद्दल विचार अजून चालू आहे."